वितळत्या हिमातला रस्ता

फ्रान्सची राजधानी पॅरिस. तिच्यापासून सुमारे ११ किलोमीटरवर, सीन नदीच्या काठी, आर्जांतय नावाचे गाव आहे. आज ते पॅरिसच्या उपनगरांत मिसळून गेले आहे. परंतु दीडशे वर्षांपूर्वी त्याचे रूप निराळे होते. तेथे द्राक्षांचे मळे होते, जिप्समच्या खाणी होत्या, लोखंडाचे कारखाने नुकतेच उभे राहत होते आणि पॅरिसहून आगगाडी येत होती. स्टेशनासमोरून सें-दनी नावाचा रुंद रस्ता जात असे. त्या रस्त्यावर १८७४ च्या शरद ऋतूत एक ३३ वर्षांचा चित्रकार आपली पत्नी व लहान मुलगा यांच्यासह राहावयास आला. घर नवे होते. भिंती गुलाबी, खिडक्यांची झडपे हिरवी. चित्रकाराचे नाव क्लोद मोने.

त्या हिवाळ्यात आर्जांतयवर हिम पडले. हिम पडले म्हणजे मोनेला चित्राचा विषय शोधीत दूर जाण्याचे कारण उरले नाही. त्याने घरासमोरचा रस्ता, स्टेशन, आसपासची कुंपणे व पायवाटा यांची १८ चित्रे काढली. एकाच गावाची, एकाच हिवाळ्यातील अठरा चित्रे! रस्ता तोच, घरे तीच, मग इतकी चित्रे कशासाठी? मोनेला दुसरा उद्योग नव्हता असे कोणी म्हणेल. खरे उत्तर हिमातच शोधले पाहिजे. पडून राहिलेले हिम क्षणोक्षणी बदलत असते. आणि ते वितळू लागले म्हणजे तर सकाळी पाहिलेला रस्ता दुपारी ओळखू येत नाही.

हिम वितळण्यास ऊन पुरेसे आहे, असे वाटते. परंतु ताजे हिम उन्हाला फारसे दाद देत नाही. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा ८० ते ९० भाग ते परत फेकते. उष्णता आत शिरणार कोठून? शिवाय बर्फाचे पाणी होणे ही मोठ्या खर्चाची गोष्ट आहे. शून्य अंशावरील एक ग्रॅम बर्फाचे शून्य अंशावरीलच पाणी करण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेने ते एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापविता येईल. म्हणूनच ऊन पडले, हवा उबदार झाली, तरी हिमाचा थर एका तासात नाहीसा होत नाही. तो हळूहळू मागे सरतो; आणि सर्व ठिकाणी सारखा सरत नाही.

प्रथम कोठे वितळते? जेथे काही काळे आहे तेथे. काळा पदार्थ प्रकाश शोषून तापतो. रस्त्यावरील घोड्यांची लीद, कारखान्याच्या धुराड्यातून व आगगाडीच्या इंजिनातून उडालेली काजळी, झाडाचा बुंधा, लोखंडी नळ, दगडी भिंतीचा पाया, या साऱ्यांच्या भोवती हिम आधी खचते. झाडाच्या बुंध्याभोवती तर जणू कोणी हाताने उकरून आळे केले आहे, असे गोल खड्डे पडतात. मग त्या खड्ड्यांतून ओली माती डोकावते. ती हिमाहून कितीतरी काळी, म्हणून ती आणखी तापते आणि शेजारचे हिम वितळविते. एकदा ठिगळ पडले की ते वाढतच जाते.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनाही सारखा न्याय मिळत नाही. आर्जांतय विषुववृत्तापासून बरेच उत्तरेस, जवळजवळ ४९ अक्षांशावर आहे. तेथे डिसेंबरच्या अखेरीस सूर्य भर दुपारीदेखील क्षितिजापासून १७-१८ अंशांहून वर येत नाही. त्या दिवसांत मुंबईत दुपारी बारा-साडेबाराला माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा किंचित आखूडच पडते. आर्जांतयला मात्र ती त्याच्या उंचीच्या तिपटीहूनही लांब पडते. साहजिकच पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्यावर दक्षिणेकडच्या घरांची सावली सारा रस्ता व्यापते आणि समोरच्या घरांच्या भिंतींवर चढते. दक्षिणेकडे तोंड केलेल्या घरांची छपरे वाहू लागतात, तेव्हा त्यांच्या समोरच्या घरांच्या दारात मात्र हिम जसेच्या तसे, घट्ट आणि कोरडे असते. हाकेच्या अंतरावर एकीकडे वसंताची चाहूल आणि दुसरीकडे भर हिवाळा!

छपरावरचे हिम वितळले की वळचणीला पागोळ्या लागतात. आपल्याकडे पावसाळ्यात कौलांच्या पागोळ्या जशा गळतात, तशाच या. पण आभाळ निरभ्र असते. ऊन कलले, हवा पुन्हा गारठली, म्हणजे गळता गळताच हे पाणी गोठते आणि छपराच्या कडेला बर्फाचे सुळके लोंबू लागतात. खाली रस्त्यावर गाड्यांची चाके हिम दाबून चाकोऱ्या पाडतात. दाबलेले हिम आणि पाणी यांचा त्या चाकोऱ्यांत राडा होतो. तो मळकट तपकिरी असतो; पण जेथे पाणी साचून स्थिर झाले आहे तेथे त्यात आकाश दिसते. रात्री हाच राडा दगडासारखा कठीण होतो, सकाळी त्यावर घोड्यांचे पाय घसरतात, आणि दुपारी पुन्हा सारे पातळ. दोन-चार दिवस असा खेळ चालतो. मग रस्त्याच्या कडेला ढकललेले काळसर ढिगारे तेवढे शिल्लक राहतात. सर्वांत शेवटी जाते ते हेच घाणेरडे हिम, कारण त्याचा थर जाड असतो.

आता या रस्त्यासमोर कागद घेऊन बसणाऱ्याची अडचण ध्यानात येईल. घराचे चित्र काढताना घर जागचे हलत नाही. हिमाच्या चित्रात मात्र चित्राचा नायकच काढता पाय घेत असतो!

पण त्याहूनही मोठी अडचण आणखी एक आहे, आणि ती रस्त्यावर नसून पाहणाऱ्याच्या डोक्यात आहे. हिम पांढरे असते, ही गोष्ट प्रत्येकाला ठाऊक असते. ठाऊक असते म्हणूनच ती घात करते.

हिम पांढरे दिसते हे खरे. बर्फाच्या लादीकडे पाहिले तर ती बरीचशी काचेसारखी पारदर्शक असते. तीच किसली की पांढरीशुभ्र होते. गोळा विकणाऱ्याच्या गाडीवर हा चमत्कार कोणीही पाहू शकतो. लादीत आणि किसात पदार्थ एकच. पण किसाच्या बारीक कणांच्या असंख्य बाजूंवरून प्रकाश सैरावैरा उधळला जातो. तांबडा, पिवळा, हिरवा, निळा असे सर्वच किरण सारखे उधळले गेल्यामुळे त्यांचे मिश्रण डोळ्यांना पांढरे दिसते. हिमाचे तसेच आहे. म्हणजे हिमाला स्वतःचा रंग असा नाहीच. जो प्रकाश त्यावर पडेल तो ते परत करते. उगवत्या सूर्याच्या प्रकाशात ते गुलाबी-नारिंगी होते. ढगाळ दिवशी करडे असते. आणि सावलीत?

सावलीत ते निळे असते. सावली म्हणजे काळोख नव्हे. घराच्या सावलीत सूर्याचे सरळ किरण पोहोचत नाहीत, पण वरचे निळे आकाश तेथेही प्रकाश पाठवीतच असते. उन्हातील हिमाला सूर्याचा पिवळसर प्रकाश मिळतो, सावलीतील हिमाला आकाशाचा निळा. म्हणून निरभ्र दिवशी हिमावर पडलेली कुंपणाची सावली निळ्या पट्ट्यांसारखी दिसते. हे पाहण्यास फ्रान्सला जाण्याची आवश्यकता नाही. उन्हात वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतराच्या घडीत किंवा नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीवर झाडाची सावली पडते, तिच्याकडे काही वेळ टक लावून पाहावे. ती नुसती काळसर नाही, तिच्यात निळसर झाक आहे, हे हळूहळू उमगू लागते. पहिल्या क्षणी ते उमगत नाही. धोतर पांढरे आहे हे आपल्याला माहीत असते, आणि जे माहीत असते तेच पाहण्याची डोळ्यांना सवय जडलेली असते.

वितळणाऱ्या हिमात या रंगांची आणखी गुंतागुंत होते. भिजलेले कापड कोरड्यापेक्षा गडद दिसते, ओली वाळू कोरड्या वाळूहून काळसर दिसते. त्याचप्रमाणे पाण्याने भिजलेले हिमही काळवंडते. कणांमधल्या हवेच्या जागी पाणी शिरले, की प्रकाश पूर्वीसारखा उधळला जात नाही. ताजे हिम शेकडा ८० ते ९० भाग प्रकाश परत करीत होते. जुने ओले हिम जेमतेम निम्म्याच्या आसपास परत करते. म्हणजे एकाच रस्त्यावर ताज्या हिमाचा पांढरा, सावलीतला निळा, भिजलेला करडा, चाकोरीतला तपकिरी आणि डबक्यातला आकाशाचा रंग, इतके सारे एकाच वेळी पसरलेले असते. ज्याने रंगफलकावर केवळ पांढरा रंग काढून ठेवला आहे त्याने तेवढ्याने काय करावे?

मोनेच्या रंगफलकावर पांढरा रंग होताच, परंतु त्याच्या शेजारी निळाही होता. येथे एक मौजेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पूर्वी उत्तम निळा रंग अफगाणिस्तानातील बदखशान प्रांतातून येणाऱ्या राजावर्त नावाच्या मौल्यवान दगडापासून करीत. तो इतका महाग पडे, की चित्रकार तो जपून वापरीत. पुढे गिमे नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने माती, सोडा, गंधक व कोळसा भाजून तसाच निळा रंग कृत्रिम रीतीने तयार केला, आणि १८२८ मध्ये त्याला ६००० फ्रँकचे पारितोषिक मिळाले. हा स्वस्त निळा रंग चित्रकारांच्या पेटीत आला, तसाच तो धुण्याच्या दगडाजवळही आला. पांढरे कपडे शुभ्र दिसावेत म्हणून घरोघर जी नीळ घालीत आले, ती पुष्कळदा याच पदार्थाची भुकटी असे. कपड्याचा पांढरेपणा निळ्याच्या स्पर्शाने खुलतो हे घरातील बायामाणसांना कोणी शिकविले नव्हते. मोनेच्या चित्रांवर हसणाऱ्या विद्वानांना मात्र ते पटत नव्हते.

कारण लोक हसत होते, ही गोष्ट खरी आहे. १८६८-६९ च्या हिवाळ्यात मोनेने समुद्रकिनाऱ्यावरील एत्रता या गावाजवळ हिमाचे एक मोठे चित्र काढले. हिमाने झाकलेले अंगण, काटक्यांचे कुंपण, त्याच्या फाटकावर बसलेला कावळ्याच्या कुळातील एक काळा-पांढरा पक्षी आणि पुढे हिमावर पसरलेली कुंपणाची निळी सावली, एवढाच त्याचा विषय. पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनाच्या परीक्षकांनी १८६९ मध्ये ते चित्र नाकारले. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे आणि त्याच्यासमोर माणसांची गर्दी असते. १८७४ च्या एप्रिलमध्ये मोने, पिसारो, सिस्ले, रन्वार इत्यादी चित्रकारांनी आपले स्वतंत्र प्रदर्शन पॅरिसमध्ये भरविले. तेथे पिसारोने पहाटेच्या दहिवराने गोठलेल्या शेताचे चित्र मांडले होते. लुई लरुआ या टीकाकाराने त्याची टर उडविली. नांगराच्या तासांवरचे ते दहिवर त्याला मळक्या कॅनव्हासवर पसरलेली, रंगफलकाची खरवड वाटली. याच लरुआने थट्टेने जे नाव रूढ केले, त्यावरून हे चित्रकार पुढे इंप्रेशनिस्ट म्हणजे दृक्प्रत्ययवादी म्हणून प्रसिद्ध झाले.

आर्जांतयच्या हिवाळ्याची ही पार्श्वभूमी आहे. चित्रे विकली जात नव्हती, घरभाडे द्यावयाचे होते, रंग आणि कॅनव्हास यांनाही पैसे लागत होते. तो हिवाळा संपतो न संपतो तोच, २४ मार्च १८७५ रोजी, या मंडळींनी पॅरिसमध्ये आपल्या चित्रांचा लिलाव करून पाहिला. प्रेक्षकांनी इतका गोंधळ घातला, की पोलिसांना बोलवावे लागले; आणि चित्रांना किंमत आली ती अगदीच थोडी. अशा स्थितीत एखाद्याने लोकांना रुचेल असे पांढरेशुभ्र, गुळगुळीत हिम रंगविले असते, तर त्याला दोष देता आला नसता. मोनेने डोळ्यांना दिसत होते ते निळे आणि करडे हिमच रंगविले.

हे काम सुखाचे नव्हते. मोनेला उघड्यावर उभे राहून चित्र काढण्याची सवय लहानपणी ल हाव्र या बंदराच्या गावी बूदँ नावाच्या चित्रकाराने लावली होती. पुढे तिशीच्या आत असतानाचा त्याचा एक प्रसंग एका वृत्तपत्राच्या लेखकाने टिपून ठेवला आहे. नॉर्मंडीत एका कडाक्याच्या थंडीच्या दिवशी त्या लेखकाला रस्त्यात प्रथम पाय शेकण्याची शेगडी दिसली, मग चित्र ठेवण्याची लाकडी घोडी दिसली, आणि नंतर तीन ओव्हरकोट एकावर एक चढविलेला, हातमोजे घातलेला, चेहरा अर्धवट गोठलेला एक गृहस्थ दिसला. तो मोने होता आणि हिमाचे निरीक्षण करीत होता. अशा उघड्यावरच्या कामाला एका साध्या शोधानेही मोठा हातभार लावला. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने रंग भरण्यासाठी कथलाची मऊ, पिळता येणारी नळी काढली होती. त्यापूर्वी तयार रंग जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यावा लागे. त्या पिशव्या फुटत आणि रंग वाळून जाई. नळीमुळे चित्रशाळा खिशात मावू लागली.

अठरा चित्रांतील सर्वांत मोठे चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. ते सुमारे ७१ सेंटिमीटर उंच आणि ९१ सेंटिमीटर रुंद आहे. त्यात आपल्या घराजवळचा सें-दनी रस्ता मोनेने दाखविला आहे. दिवस ढगाळ आहे. सगळ्या चित्रावर निळसर करडी छटा पसरलेली आहे. पुढच्या भागात रंग जाड, खडबडीत फटकाऱ्यांनी दिला आहे. चाकोऱ्या रस्त्याबरोबर दूर गेल्या आहेत आणि त्यांच्या बाजूने मोजकी माणसे चालली आहेत. जवळ जाऊन पाहिले तर माणसे म्हणजे काळसर रंगाचे चार-दोन फटकारे. नाक नाही, डोळे नाहीत, बोटे नाहीत. चार पावले मागे सरले, की तीच थंडीने अंग चोरून चालू लागतात. दुसऱ्या एका चित्रात हिमवर्षाव चालू असून लोक छत्र्या धरून लगबगीने निघाले आहेत. आणखी एकात स्टेशनात उभी असलेली आगगाडी आहे. सभोवार धूर आणि हिम यांनी सारे अंधुक झाले आहे आणि इंजिनाचे दोन दिवे तेवढे डोळ्यांसारखे चमकत आहेत. ते चित्र पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयात पाहावयास मिळते.

मोठ्या चित्रासाठी ढगाळ दिवस घेतला हे योगायोगाने झाले असेल, किंवा विचारपूर्वक. पण त्यात सोय मात्र होती. निरभ्र दिवशी सावल्या सरकत असतात. तासाभरात सूर्य आकाशात १५ अंश पुढे जातो, आणि सकाळी कुंपणाशी असलेली सावली दुपारी रस्ता ओलांडून गेलेली असते. ढगाळ दिवशी सावल्यांना धार नसते, वितळण्याचा वेगही मंद असतो. चित्रकाराला थोडी उसंत मिळते. उन्हाच्या दिवशी ती मिळत नाही. मग एकच मार्ग उरतो: हातातील चित्र बाजूला ठेवावे आणि दुसरे घ्यावे. मोनेच्या अठरा चित्रांचे रहस्य बहुधा यातच आहे.

रंग नसून केवळ पेन्सिल हाती असेल, तर हा रस्ता कसा रेखाटावा? थंडीत पेन्सिलीसारखा विश्वासू सोबती नाही. जलरंगाचे पाणी शून्य अंशाखाली कागदावरच गोठते आणि रंगाच्या जागी बर्फाच्या कणांची नक्षी उमटते. तैलरंग घट्ट होतो. पेन्सिलीला थंडीची बाधा नाही. तिला आपण शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसे मुळीच नसते. ग्रॅफाइट आणि माती यांचे ते मिश्रण असते. ते कसे करावे हे काँते या फ्रेंच माणसाने १७९५ मध्ये दाखवून दिले.

चित्रकलेच्या तासाला सहसा आधी घरे, मग झाडे, मग रस्ता असा क्रम असतो. वितळत्या हिमाच्या रेखाटनात तो उलटा करावा लागतो. घरे उद्याही तेथेच असणार. त्यांच्या दोन-चार रेघा मागाहून ओढल्या तरी चालतात. जे आता आहे आणि घटकेने नसणार, ते आधी टिपावे लागते: उन्हाची आणि सावलीची सीमा, ओल्या मातीच्या ठिगळाची कड, छपरावरून अर्धवट घसरून लोंबत राहिलेला हिमाचा थर. हिमाची कड काढताना हात आपोआप सरळ रेघ ओढू लागतो. नीट पाहिले तर ती कड कोठेच सरळ नसते. भिंतीपाशी ती आत गेलेली असते, सावलीत बाहेर आलेली असते, आणि चाकोरीपाशी तुटलेली असते. प्रत्येक वळणाला कारण असते. ते कारण ओळखणाऱ्याचा हात चुकत नाही, निदान कमी चुकतो.

आणि हिम कसे काढावे? ते काढूच नये. कागद पांढरा असतोच. पाण्याची गडद गटारे, भिंतींचे पाय, झाडांचे बुंधे, चाकोऱ्या यांचा काळेपणा योग्य जागी उमटला, की उरलेला कोरा कागद आपोआप हिम होतो. जपानी कलावंतांना ही युक्ती चांगली अवगत होती. हिरोशिगे याने १८३३-३४ च्या सुमारास तोकाइदो या प्राचीन हमरस्त्यावरील मुक्कामांची चित्रमाला लाकडी ठशांनी छापली. तिच्यातील कांबारा या गावाच्या चित्रात हिमाने झाकलेली छपरे आहेत, उतार आहे आणि वाकून चाललेले तीन वाटसरू आहेत. छपरांवरचे हिम म्हणजे पुष्कळसा न छापलेला कागदच. मोनेला जपानी चित्रांचा मोठा नाद होता. त्याने जमविलेली अशी चित्रे जिव्हेर्नी येथील त्याच्या घराच्या भिंतींवर आजही लावलेली आहेत.

सर्वांनाच शेगडी घेऊन रस्त्यावर उभे राहणे शक्य नसते. पिसारोला उतारवयात डोळ्यांच्या विकारामुळे वारा आणि धूळ सोसवेना. १८९७ च्या फेब्रुवारीत तो पॅरिसमध्ये एका हॉटेलच्या खोलीत राहिला आणि खिडकीत बसून एप्रिलपर्यंत खालच्या मोंमार्त्र रस्त्याची १४ चित्रे त्याने काढली. हिवाळ्यातील सकाळ, धुके, वसंतातील ऊन, रात्रीचे दिवे; खिडकी एकच आणि रस्ताही एकच.

मोने १८७८ च्या जानेवारीत आर्जांतय सोडून गेला. सें-दनी रस्त्याला आता कार्ल मार्क्सचे नाव दिलेले आहे, आणि ते गुलाबी घर दुरुस्त करून लोकांना पाहण्यासाठी खुले करण्यात आले आहे. गाव सोडल्यावर मोने सीनच्याच काठी, आणखी दूर, वेतय या खेड्यात राहिला. तेथे १८७९ च्या सप्टेंबरात त्याची पत्नी वारली. पाठोपाठ आलेल्या हिवाळ्यात थंडी इतकी पडली, की सीन नदी गोठून गेली. १८८० च्या जानेवारीत हवा एकाएकी उबदार झाली आणि नदीवरचा बर्फ मोठा आवाज करीत फुटला. मोने आपली घोडी आणि रंगांच्या नळ्या घेऊन काठावर गेला, आणि प्रवाहाबरोबर निघालेल्या बर्फाच्या तुकड्यांची चित्रे एकामागून एक काढू लागला.